शुक्रावरचा दिवस

सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

प्रिय इदाल्मिस,

हे पत्र झेनाइदाचा भाचा घेऊन येईल. तो दोन डिसेंबरला निघतो, आधी गयाना आणि मग जमेल तसा तुझ्या मोंतेविदेओला. पोस्टावर माझा भरवसा उरलेला नाही. महिनाभर हातात आहे, तेव्हा थोडं थोडं लिहीन आणि सगळं एकाच पाकिटात घालीन. साडेनऊ वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बापाकडून एवढा कागद आलेला पाहून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही.

मी दमलोय, एवढीच बातमी. घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, महिनाअखेर वाचन बंद. नाहीतर कुजबुजायलासुद्धा आवाज उरणार नाही." इथे वीज रोज जाते, विजेबरोबर माइक जातो आणि मग मी ओरडून वाचतो. तीस तारखेला माझं शेवटचं वाचन. एक्केचाळीस वर्षं सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवलं, आता पुरे.

कारखान्यात सध्या ऐंशी माणसं आहेत. तुझ्या वेळी दोनशे चौदा होती. उरलेले कुठे गेले ते मी तुला सांगायला नको. तिसऱ्या रांगेतल्या तुझ्या टेबलावर आता रिकाम्या पेट्या रचून ठेवतात.

क्रम मात्र तोच आहे. सकाळी वर्तमानपत्र, जेवणाआधी कादंबरी आणि पावणेतीनला नवलपेटी. लोक चिठ्ठ्या टाकतात, मी जगातली नवलं वाचतो. आवडलं की चावेता टेबलावर टकटक वाजतात, नाही आवडलं की पान कापायचं तेच पातं जमिनीवर आपटतं. परवा वाचलं की झांझिबारचं एक युद्ध अडतीस मिनिटांत संपलं होतं. पहिल्या रांगेतून झेनाइदा ओरडली, "आमच्या मीटिंगला बोलावलं असतं तर निदान तीन तास चाललं असतं!" व्यवस्थापक समोरच उभा होता. त्या बाईची जीभ चावेतापेक्षा धारदार होत चालली आहे.

गंमत म्हणजे पेटीतल्या सर्वांत चांगल्या चिठ्ठ्या तिच्याच असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक, न चुकता, तिच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. दक्षिण गोलार्धातून चंद्र उलटा दिसतो, हे तिने लिहिलं होतं. तिकडे दुपारी सावली दक्षिणेला पडते, हेही. उत्तर-दक्षिण कळत नाही म्हणून बस चुकवणारी बाई हे कुठून आणते देव जाणे. तुझी ख्यालीखुशालीही तिच्याकडूनच कळते. ती सांगेल तेवढीच.

जुनी मंडळी अजून मान देतात. सकाळी पहिल्या बातमीआधी मी घसा खाकरतो तेव्हा त्यांचे हात थांबतात. पानं तशीच बोटांत धरून माझ्याकडे बघत राहतात. नवीन पोरांना ही रीत नाही.

आता शुक्राबद्दल. ते तुझ्या मनात अजून असेल तर एवढंच सांगतो की मला तेव्हा माहीत नव्हतं. माणूस आहे, चुकतो.

तुझा बाबा,
फेर्मिन


मंगळवार, १४ नोव्हेंबर

इदाल्मिस,

मागचं पत्र काल पुन्हा वाचलं. शेवटची ओळ फार सोपी करून टाकली आहे. म्हणून आता तो दिवस नीट लिहितो. तुला माहीत आहेच, पण मी तो कसा आठवतो ते तुला माहीत नसेल.

मार्च २०१४. मला बासष्ट वर्षं झाली होती आणि ऑफिसातून निरोप आला होता की आता तरुण वाचक बघा. आपल्याकडे वाचक ऑफिस नेमत नाही, वळणारे निवडतात. उभे राहिलो दोघंच. एक मी, एक तू. बाप विरुद्ध लेक. म्हातारा कुंदो म्हणाला होता, "घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? एक आठवडा हा वाचेल, एक आठवडा ती." सगळे हसले. मीही हसलो. त्याचं ऐकायला हवं होतं.

तू वर्तमानपत्र माझ्यापेक्षा चांगलं वाचलंस. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण चावेता वाजल्या तेव्हा मोजत होतो. मग तू नवलपेटी उघडलीस आणि आपली चिठ्ठी काढलीस. "शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात आणि सूर्याभोवती दोनशे पंचवीस. म्हणजे शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा."

काय हशा पिकला होता! "म्हणजे पाळी सुटायच्या आतच निवृत्ती!" "माझ्या सासूला तिकडेच धाडा, एक दिवस राहते म्हणून आलीय!" कुणीतरी विचारलं की पगार दिवसावर मिळेल की वर्षावर. तू हसत होतीस. तुला वाटलं की जिंकलीस, आणि जिंकलीच होतीस.

मग कुंदो उठला. हातातलं पान खाली ठेवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "अरे फेर्मिन, पोरगी खरं सांगतेय का?"

वाद पडला की वाचकाचा शब्द शेवटचा. तो वाचक अजून मी होतो. खाली बाकावर बसलो होतो तरी मीच होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. "नाही," म्हणालो. "दिवस वर्षात मावतो, वर्ष दिवसात मावत नाही. पोरीने आकडे उलटे वाचले."

आधी एक चावेता पडली. मग दुसरी. मग सगळ्या लोखंडाचा खणखणाट. तू ती चिठ्ठी चार घड्या करून खिशात ठेवलीस आणि पेटीतली पुढची वाचायला घेतलीस. आवाज हललाही नाही. दुसऱ्या दिवशी अकरा मतांनी हरलीस आणि मे महिन्यात गेलीस.

आता एक सांगतो, रागावू नकोस. शुक्रावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत धरलं तर एकशे सतराच दिवस होतात. हा हिशेब धरला तर तिथला दिवस वर्षापेक्षा लहानच पडतो. म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो.

बाबा


मंगळवार, २१ नोव्हेंबर

इदाल्मिस,

मागच्या पत्राचा शेवट वाचून माझीच मला लाज वाटली. एकशे सतराचा आकडा मला परवा-परवा कळला आहे. त्या दिवशी मला शुक्राबद्दल एक अक्षर ठाऊक नव्हतं. पण जित्याची खोड! पडलो तरी नाक वर.

ती पानं फाडून टाकता आली असती. पण तुला लहानपणी मीच शिकवलं होतं ना, की वाचलेलं पुसता येत नाही, फक्त दुरुस्त करता येतं? वाचकाची चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या बातमीआधी, उभं राहून सांगायची. केळीला मी एकदा झाड म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काल मी केळीला झाड म्हणालो. ते चूक आहे. शास्त्रात ती झाड नाही, भलंमोठं रोप आहे." तू दहा वर्षांची असशील. पुढे आठवडाभर येईल त्याला सांगत होतीस की माझे बाबा चूक कबूल करतात.

म्हणून पत्रं फाडत नाही. दुरुस्ती खाली लिहितो.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. "मला तेव्हा माहीत नव्हतं" हे वाक्य दुपारी तीन वाजेपर्यंत खरं होतं. साडेपाचला नव्हतं. घरी आलो, तू अजून आली नव्हतीस. कपाटातून ज्ञानकोशाचा शेवटचा खंड काढला आणि शुक्र उघडला. तुझे दोन्ही आकडे तिथे होते, एकाखाली एक. दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं. सकाळी उठून दुरुस्ती वाचायची, असं ठरवूनच घातलं होतं.

सकाळी वाचकाच्या उंच मचाणावर चढलो. घसा खाकरला. मतदान दहाला होतं. समोर दोनशे चौदा माणसं बघत होती आणि मी ऊस तोडणीची बातमी वाचायला घेतली.

का, ते विचारशील. जानेवारीत तुझी आई गेली होती. निएवेस होती तेव्हा मी घरी येऊन दिवसभराचं सगळं पुन्हा सांगायचो आणि ती डाळ निवडत ऐकायची. ती गेल्यावर घरात माझं ऐकणारं कुणी नव्हतं. तू होतीस, पण तू बोलायचीस, ऐकायची नाहीस, आणि त्यात तुझी चूक नव्हती. मला मचाण हवं होतं. तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं. खरं तेच आहे.

आणखी एक. त्या संध्याकाळी तो खंड मी टेबलावर विसरून झोपलो होतो. मतदानाहून घरी आलो तेव्हा तो कपाटात होता, तिकिटासकट. मी ठेवला नव्हता. घरात आपण दोघंच होतो.

तेव्हापासून मला माहीत आहे की तुला माहीत आहे. साडेनऊ वर्षं तो खंड मी उघडला नाही. एकशे सतरा शेजारच्या पोरीच्या फोनवर बघितलं.

या महिन्याची झेनाइदाची चिठ्ठी तुला सांगायची राहिली. "उरुग्वेत माणशी तीनाहून जास्त गायी आहेत." मग मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "अर्धी तरी इकडे ढकला रे!" आणि टकटक सुरू झाली ती थांबेचना. तुझ्या आताच्या देशाचं नाव वाचताना मला खोकला आला. मुद्दाम चिडवते मला ती बाई.

बाबा


बुधवार, २९ नोव्हेंबर

इदाल्मिस,

उद्या शेवटचा दिवस. उद्या दुरुस्ती वाचणार आहे.

भीती वाटते. हसू येईल तुला, पण या वयात मला दुसरं काय उरलंय? घरी वाटाणे मिसळलेली रेशनची कॉफी आणि एक रेडिओ, तोही वीज असेल तेव्हा. कारखान्यात मात्र म्हातारे अजून म्हणतात की फेर्मिन कधी खोटं बोलला नाही. गप्प राहिलो तर उद्या टकटक होईल, फुलं देतील, सिगारची पेटी देतील आणि मी मान ताठ ठेवून घरी येईन. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर ऐंशी चावेता जमिनीवर पडतील, आणि तोच माझा शेवटचा आवाज. माझा म्हणजे माझ्या वाट्याचा.

पण मचाण उद्यापर्यंतच आहे. परवा मी अंगणातल्या कोंबड्यांना दुरुस्ती सांगून काय उपयोग? तुझी चूक चारचौघांत काढली होती, ती चारचौघांतच परत घ्यायला हवी.

दुपारभर मजकूर लिहीत होतो. चार पानांचा झाला. एकेक वाक्य खोडत गेलो, कारण प्रत्येक वाक्यात मी बिचारा होतो. आता सहा ओळी उरल्या आहेत.

बाबा


शुक्रवार, १ डिसेंबर

इदाल्मिस,

भाचा संध्याकाळी पाकीट न्यायला येतोय. घाईत लिहितो, अक्षर सांभाळून घे.

काल सकाळी वीज नव्हती. मचाणावर चढलो, घसा खाकरला. जुन्यांचे हात थांबले. मी वाचलं:

"मार्च २०१४ मध्ये इदाल्मिसने या जागेवरून सांगितलं की शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो. मी ते चूक ठरवलं. तिचे आकडे बरोबर होते. त्याच संध्याकाळी मला ते कळलं. दुसऱ्या दिवशी मतदान होतं, म्हणून मी गप्प राहिलो. ही दुरुस्ती साडेनऊ वर्षं उशिरा वाचतो आहे."

मग कुंदो उठला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो आता, उठायला वेळ लागतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चावेता जमिनीवर टाकली. एकच आवाज झाला.

"माझं मत मी तुझ्या शब्दावर दिलं होतं," तो म्हणाला. "ही चावेता नऊ वर्षं हातात धरून ठेवली होती मी."

बरोबर केलं त्याने. मी कागदाची घडी घालून खाली उतरायला लागलो, तर झेनाइदा म्हणाली, "बस बस, नाटक नको. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आम्हाला आठवड्यात कळलं होतं. कुंदोचा नातू विद्यापीठात होता, त्याने सांगितलं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"बोलायला तू हवा होतास. रोज सकाळी तू घसा खाकरायचास आणि आम्ही हात थांबवायचो. वाटायचं, आज वाचेल. मग तू उसाचं काहीतरी वाचायचास."

मान देतात असं मी तुला लिहिलं होतं ना? ही त्याचीही दुरुस्ती समज.

मला बसावं लागलं. एका नव्या पोरीने पाणी आणून दिलं. झेनाइदा मचाणापाशी आली. तिला हळू बोलता येत नाही, तरी तिने प्रयत्न केला. "अरे फेर्मिन, आणखी एक सांगते. माझं डोकं तुला एवढं हुशार वाटलं तरी कसं? चंद्र उलटा दिसतो म्हणे! मी आयुष्यात सांता क्लाराच्या पलीकडे गेलेले नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"महिन्याला एक पाठवते ती. फोनवर सांगते आणि मी उतरवते. म्हणते, 'माझं नाव घालू नकोस, नाहीतर बाबा वाचायचे नाहीत.' मी म्हटलं, अगं कशाला एवढी उठाठेव? तर म्हणाली, 'तिथे माझं एक तरी वाक्य वाचलं जाऊ दे.'"

शंभराच्या वर चिठ्ठ्या होत्या, इदाल्मिस. सगळ्या मी माझ्या आवाजात वाचल्या. लोकांनी टकटक केली आणि मी मान झुकवून ती स्वतःकडे घेतली. उलट्या चंद्राला, दक्षिणेच्या सावलीला, त्या गायींना. मला सगळं आठवतंय. आणि मला वाटत होतं की तू त्या मचाणावर पुन्हा कधी चढलीच नाहीस.

रडलो. सगळ्यांसमोर रडलो, लपवत नाही.

मग दिवस नेहमीसारखा गेला. वर्तमानपत्र झालं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी अर्धवट सोडलं, आवाज पुरणार नव्हता. पावणेतीनला पेटी उघडली. वर एकच चिठ्ठी होती, कोंबडीच्या पायांच्या अक्षरातली. महिन्याची चिठ्ठी येऊन गेली होती, ही जास्तीची. जेवणाच्या सुट्टीत झेनाइदा अंगणात फोन कानाला लावून उभी होती, ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा डोकं चाललं नाही.

तुला काय लिहून सांगू तुझंच वाक्य? तरी लिहितो, माझ्यासाठी.

"शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो. पण तोही मावळतो."

आणि खाली, पहिल्यांदा, नाव.

वाक्य वाचलं. नावापाशी आवाज गेला. खरंच गेला, नुसती हवा येत होती. मी ओठ हलवत राहिलो. "ऐकू येत नाही!" झेनाइदा ओरडली. मेली दोन पावलांवर उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचलं. "इदाल्मिस, तिसरी रांग."

चावेता वाजायला लागल्या. कुंदोला वाकवेना, त्याच्या शेजाऱ्याने त्याची खाली पडलेली उचलून हातात दिली. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही ती नवी पोरंही वाजवत होती. यावेळी मी मान झुकवली नाही. तिसऱ्या रांगेकडे हात केला, त्या रिकाम्या पेट्यांकडे, आणि तसाच उभा राहिलो.

सोमवारपासून एक तरुण मुलगी वाचणार आहे. आवाज बरा आहे, घाई करते. तिला एकच गोष्ट शिकवली, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "आणि सांगायला उशीर झाला तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, तरी सकाळीच.

जुनी नवलपेटी त्यांनी मला देऊन टाकली. इथे टेबलावर आहे, कोशाच्या शेवटच्या खंडाशेजारी. खंड आज उघडला. तिकीट अजून तिथेच आहे.

आता महिन्याची चिठ्ठी झेनाइदाला सांगू नकोस. तिचं अक्षर लावताना डोळे जातात. तूच लिही आणि सरळ माझ्या नावावर पाठव. डॉक्टरीणबाईंनी बोलायला बंदी केली आहे, पण तुझं अक्षर वाचायला आवाज लागत नाही.

तुझा,
बाबा